सृष्टीच्या गोळीची पीकपाहणी

डॉक्टर मॅडमनी मला एवढंच सांगितलं होतं, की घरी जा, शांत डोक्यानं विचार करा आणि दोन गोळ्यांपैकी कोणती सुरू करायची ते पुढच्या खेपेला सांगा. नांदेडच्या एसी केबिनमध्ये बसून असं सांगणं सोपं आहे. मॅडमनी आमचं घर पाहिलेलं नाही. फेब्रुवारी-मार्चात आमच्या गावात, कुरुंद्यात, कुणाकडंच शांत डोकं शिल्लक नसतं, कारण हळद निघालेली असते. अंगणात हळद, गच्चीवर हळद, रस्त्याच्या कडेला हळद, आणि हळद शिजवतानाचा धूर थेट स्वयंपाकघरात. त्यात आमचं घर म्हणजे पुढं ह्यांचं कृषी सेवा केंद्र आणि मागं आम्ही. पिकासाठी औषध घ्यायला आलेला माणूस आमच्या घरातल्या औषधावर मत दिल्याशिवाय जात नाही.

गोळी माझ्यासाठी नव्हती. त्या दिवसांत ज्यांनी मला पाहिलं त्यांचा तसा समज झाला असेल, त्यांना दोष नाही. गोळी सृष्टीसाठी होती. सृष्टी माझी मुलगी, तिसरीत शिकते. शिकते म्हणजे तिचं नाव तिसरीच्या हजेरीत आहे. बसणं ही क्रिया तिला माहीत नाही. ती चालत जेवते, लोंबकळत पाठांतर करते, आणि गणिताची बेरीज एका पानावर सुरू करून उत्तराच्या जागी मांजर काढते. हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग हळद निघायच्या सुरुवातीला हळद शिजवायचा बॉयलर घेऊन एक ट्रॅक्टर शाळेवरून चालला, आणि आवाज ऐकून ही वर्गातून उठून सरळ रस्त्यावर गेली. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेत ब्रेक मारला, म्हणून मी आज हे अशा सुरात लिहू शकते आहे. संध्याकाळी तिला सगळ्यांनी आपापल्या परीनं रागावून घेतलं. शेवटी ती माझ्या पदराशी खेळत म्हणाली, "आई, समदे मला रागावतेत. मला बी माझा राग येतो."

त्यावर नांदेड.

मॅडम चांगल्या होत्या. सृष्टीनं त्यांची गोल फिरणारी खुर्ची फिरवून पाहिली, वजनकाट्यावर एकदा उभं राहून आणि एकदा उडी मारून वजन केलं, तरी त्या चिडल्या नाहीत. चाचण्या झाल्या, शाळेतल्या बाईंकडून प्रश्नांची उत्तरं मागवली, आणि मग त्या म्हणाल्या, "एडीएचडी आहे. पोरगी मठ्ठ नाही, द्वाड नाही. मनाला लगाम घालायला तिला तुमच्या-माझ्यापेक्षा फार जोर लागतो, एवढंच." मग गोळ्यांचं सांगितलं. औषध एकच, मिथाइलफेनिडेट नावाचं. त्याची छोटी गोळी घेतली तर असर चारेक तास. म्हणजे सकाळी एक आणि दुपारी शाळेत एक. दुसरी लांब पल्ल्याची, पोटात हळूहळू सुटणारी, सकाळी घेतली की शाळा सुटेपर्यंत पुरते. पण ती अख्खी गिळायची, तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. दोन्हींत भूक कमी होऊ शकते, झोप यायला उशीर होऊ शकतो, अधूनमधून वजन-उंची आणि बीपी बघत राहायचं. दोन्ही चालतील, तुमच्या घराला आणि शाळेला कोणती जमते ते बघा.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. तरी एवढ्या सगळ्यातून माझ्या कानांनी दोनच शब्द उचलले: भूक आणि झोप. आणि मनात तिसरंच होतं, ते मी मॅडमना विचारलं नाही. या गोळीनं सृष्टी शांत झाली आणि सृष्टीच राहिली नाही तर?

घरी येऊन मी सांगितलं, की ही उत्तेजक प्रकारची औषधं आहेत. माझी पहिली चूक. सासरे तातेराव, ज्यांना मी मामा म्हणते, हळद पसरायचं फावडं हातात तसंच धरून उभे राहिले.

"उत्तेजक? हिला?" ते म्हणाले. "अगं पुनम, हिला पाहूनच आमाला उत्तेजन येऊन राहिलं. शांत करायचं औषध माग की!"

"मामा, मेंदूतला लक्ष धरून ठेवणारा भाग हिचा जरा झोपाळू आहे. त्याला जागं केलं की बाकीचं थांबतं."

"म्हंजे आत कुणीतरी झोपलंय म्हणून भाईर ही नाचून राहिली?"

असं म्हटल्यावर मलाही ते पटेनासं झालं.

सासूबाई सखुबाई, माझ्या आत्याबाई, यांचा आक्षेप वेगळा होता. "लेकराला गोळी काहून द्यायची? हिचा बाप बी असाच व्हता. आता पाहा, दिवसभर गल्ल्यावर बसून ऱ्हातो का न्हाई?" यावर ह्यांनी, म्हणजे विश्वंभरनी, मान खाली घातली. ते गल्ल्यावर बसतात हे खरं. पण गिऱ्हाईक बोलत असताना ते एकीकडं पेन उघडबंद करतात, दुसरीकडं पाय हलवतात आणि तिसरीकडं क्रिकेट बघतात. तो विषय मी त्या दिवशी काढला नाही. एका घरात एका वेळी एकच एडीएचडी मला झेपते.

ह्यांनी मात्र दोन गोळ्यांतला फरक चटकन पकडला. "म्हंजे बघ, छोटी गोळी म्हंजे उसाला युरिया हातानं फेकल्यासारखी. एकदम हिरवंगार, मग पुन्हा पिवळं. आन् लांब पल्ल्याची म्हंजे ड्रिपमधून सोडलेलं खत. थेंब थेंब."

माझ्या पोटच्या मुलीची तुलना उसाशी चालली होती. खरं तर आतापर्यंत मला समजलेली ती सगळ्यात चांगली तुलना होती, आणि त्याचाच मला राग आला.

मग मी माझ्या पद्धतीनं अभ्यास सुरू केला. मोबाईलवर परदेशातल्या आया गोळ्यांची तुलना करताना सापडल्या. पाच-सहा नावं, कोणती किती तास टिकते, कोणत्या गोळीनंतर पोरगं रडतं, कोणत्या गोळीनंतर पोरगं कपाट आवरतं. मी भक्तिभावानं वाचत गेले. पुष्कळ वाचून झाल्यावर समजलं, की त्यातल्या बहुतेक आपल्याकडं मिळतच नाहीत. म्हणजे जी साडी दुकानातच नाही तिच्या काठावर मी डोळे फोडत बसले होते. शेवटी एका बियाणे कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं दोन रकाने आखले. डावीकडं छोटी, उजवीकडं मोठी. डावीकडं लिहिलं: 'दुपारी कोण देणार? उतरल्यावर चिडचिड?' उजवीकडं लिहिलं: 'गिळेल का? चुकून चावली तर? जेवण?' दोन्हीकडं सारखीच भीती भरली आणि कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावलं, पुढची बाजू पुढं करून.

ही गोष्ट चार भिंतींत राहावी अशी माझी फार इच्छा होती. पण आमच्या भिंतीपलीकडं मालनबाई राहतात.

"पुनम, लेकराला नांदेडला नेलतं म्हणं?" त्या हळद निवडायच्या निमित्तानं येऊन बसल्या. "डोक्याच्या डाक्टरकडं? काय न्हाई बघ, नजर हाय. औंढ्याला जाऊन नागनाथाला अभिषेक घाल. आमच्या जनकाबाईचा नातू असाच व्हता, अभिषेक घातला तसा गप झाला."

"मालनबाई, तो नातू पुण्याला हॉस्टेलला गेला ना?"

"व्हय. तवापासून गप हाय."

दुसऱ्या दिवशी त्या ब्राह्मीची पानं घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी बदाम, आणि चौथ्या दिवशी एक बातमी. ह्यांच्या दुकानात आलेल्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी ती मिळवली होती: शिरड शहापूरला बँकेत नोकरी करणाऱ्या ऐश्वर्या मॅडमच्या पोराला हीच गोळी चालू आहे.

मामांनी फावडं खाली ठेवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"विश्वंभर," ते म्हणाले, "आपून नवीन बेणं घेतानी काय करतो?"

"प्लॉट पाहून येतो."

"मंग?"

आमच्याकडं ही रीतच आहे. हळदीची कोणती जात लावायची, कोणतं औषध फवारायचं, हे कुणाच्या सांगण्यावर कुणी ठरवत नाही. ज्यानं ते वापरलंय त्याच्या शेतावर जायचं, हात पाठीमागं बांधून बांधावरून फिरायचं, पान उलटं करून पाहायचं, एखादा गड्डा उपटून पाहायचा, चहा प्यायचा आणि मग ठरवायचं. रीत वाईट नाही. पण ती पोरांना लावायची असते का, हा प्रश्न त्या घरात फक्त मला पडला होता.

"मामा, तो मुलगा आहे. प्लॉट नाही."

"अगं पण गोळी तीच हाय ना?"

"आपण फोनवर बोलू त्यांच्याशी."

"फोनवर पान उलटं करून दिसतं का?" मामांनी विचारलं. मी बी.एस्सी. गुंडाळून ठेवली आणि ऐश्वर्या मॅडमचा नंबर शोधायला लागले.

रविवारी दुकान बंद असतं म्हणून रविवार ठरला. आमच्या जीपमध्ये पुढं हे आणि मामा, मागं मी, आत्याबाई, आणि मालनबाई, कारण त्यांचं 'तिकडं जरा काम हाय'. सृष्टीला घरी ठेवू या असं मी म्हटलं, तर मामा म्हणाले, "ज्या रानात पेरायचं ते रान नको का संगं?" तेव्हा सृष्टीही आली, सगळ्यांच्या मांडीवरून आळीपाळीनं. मी निघण्याआधी ऐश्वर्या मॅडमना फोन करून 'थोडं बोलायचं होतं' एवढं सांगितलं होतं. त्या 'या की' म्हणाल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, एक बाई येईल.

दार उघडून त्यांनी जीपमधून उतरणारी माणसं पाहिली. मी तोंड उघडणार तोच मालनबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या, "नमस्कार. तुमचं पोरगं पाहायला आलोत."

ऐश्वर्याताईंनी दार निम्मं ओढून घेतलं. "पोरगं चौथीत हाय माझं," त्या म्हणाल्या.

जमीन दुभंगून पोटात घेते असं म्हणतात. शिरड शहापूरची जमीन कडक असावी. मी कसंबसं गोळीचं सांगितलं. त्यावर त्या मोठ्यानं हसल्या, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "या, या. आमच्याकडं लोक तोंड लपवून इचारतात. तुमी जीप भरून आलात. बरं वाटलं."

भीमराज, म्हणजे त्यांचा मुलगा, तेव्हा अंगणातल्या पेरूवर होता. मामा हात पाठीमागं बांधून झाडाखाली गेले आणि त्यांनी त्याला तिन्ही बाजूंनी पाहिलं. चौथ्या बाजूला भिंत होती.

"वाढ बरी हाय," ते ह्यांना म्हणाले. "अंगानं जरा बारीक वाटतो."

"रंग चांगला हाय," हे म्हणाले. मी ह्यांच्याकडं पाहिलं, तेव्हा ते पेन उघडबंद करायला लागले.

"बाळा, नऊचा पाढा म्हण बरं," मामा वर बघून म्हणाले.

"नऊ एके नऊ," भीमराज म्हणाला, "नऊ दुने अठरा, तुमच्या टोपीवर मुंगळा हाय." आणि उतरला. मुंगळा खरंच होता. तो निघेपर्यंत भीमराज आणि सृष्टी एकमेकांना सापडले होते. दोन नद्या एकमेकींना मिळाल्यावर जे होतं ते झालं. दोघं जिन्यावरून गच्चीवर, गच्चीवरून जिन्यावर, मग मागच्या अंगणात. थोड्या वेळानं मागून पाण्याचा लोंढा आला आणि ओट्यापाशी काढून ठेवलेल्या आमच्या चपला आमच्यादेखत गेटकडं निघाल्या. दोघांनी मिळून पाण्याच्या टाकीची तोटी काढली होती. आत काय असतं ते बघायला.

मालनबाई एका हातानं साडी वर धरून आणि दुसऱ्या हातानं चप्पल पकडत म्हणाल्या, "ह्याला गोळी चालू हाय?"

मामांनी निकाल दिला. "लागू न्हाई पडलं."

इतके दिवस मी ज्या गोळीला घाबरत होते, ती चालत नाही हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रडू आलं. तेव्हा मला कळलं, की या गोळीवर मी किती आशा लावून बसले होते.

"अहो आजोबा," ऐश्वर्याताई तोटी बसवत म्हणाल्या, "आज रविवार हाय. आमच्या डॉक्टरांनी ह्याला रविवारची सुट्टी दिलीय गोळीची. रोज भूक कमी ऱ्हाते म्हणून एक दिवस खाऊ द्या म्हणले."

सगळे थांबले. पाणीसुद्धा थांबलं.

"औषधाला बी रविवार?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हंजे," हे माझ्या कानाशी म्हणाले, "आपून न फवारलेला प्लॉट पाहून राहिलो."

स्वयंपाकघरात ऐश्वर्याताईंनी मला बसवलं आणि चहा टाकला. बाहेर मामा भीमराजला ट्रॅक्टरचे भाग विचारत होते आणि तो सगळे सांगत होता. मी कॅलेंडरच्या पाठीवरचे सगळे प्रश्न विचारले. त्यांच्याकडं छोटी गोळी होती. दुपारचं जेवण चिमणीएवढं, पण संध्याकाळी भाकरीवर भाकरी. सुरुवातीला पोट दुखलं, मग थांबलं. शाळेतली दुपारची गोळी मात्र सर कधी कपाटात ठेवून विसरतात, कधी कपाटाची किल्ली विसरतात. "आन् असर उतरायच्या टायमाला जरा तकलीफ ऱ्हाते. गोळी उतरली की हा चढतो."

मग मी ते विचारलं, जे मॅडमना विचारलं नव्हतं. "पोरगं बदलतं का हो?"

त्यांनी आच कमी केली. "मला बी हेच वाटायचं. पहिल्या दिवशी मी बँकेत बसून माणसांना नोटांऐवजी चेकबुक देत होते. संध्याकाळी घरी आला, तसाच हसला. पहिले जोक अर्धा ऐकून हसायचा, आता पूर्ण ऐकून हसतो. एवढंच." चहा गाळताना त्या पुढं म्हणाल्या, "पण कोणती द्यायची ते तुमच्या डॉक्टरला इचारा, बाई. माझ्या पोराला पाहून नका ठरवू. त्याचं पोट वेगळं, तुमच्या लेकीचं वेगळं."

जाताना त्यांनी पेरू दिले. मामांनी वाटेत एक पेरू कापून पाहिला आणि जमीन चांगली असल्याचं सांगितलं.

प्रत्यक्षात निकाल लावला शाळेनं. मी सृष्टीच्या बाईंना भेटून विचारलं, की दुपारच्या सुट्टीत एक छोटी गोळी द्याल का. बाई तशा प्रेमळ आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला. "ताई, माझ्याकडं खिचडी हाय, अंडी हायत, जंताच्या गोळ्या हायत, निवडणुकीचं काम हाय. आता ही गोळी नका देऊ. कुणाची कुणाला गेली तर मी कुठं जाऊ?" त्यांचं बरोबर होतं. मी मॅडमना फोन केला आणि लांब पल्ल्याची सांगितली. मॅडम म्हणाल्या, "उत्तम, विचारपूर्वक निवडलीत." मी 'हो' म्हटलं. एवढ्या सगळ्या तुलनेचा निकाल खिचडीनं लावला हे सांगायला तोंड नव्हतं.

आता गोळी आणायची. जीपमध्ये हे, मी आणि पुन्हा 'तिकडं जरा काम' असलेल्या मालनबाई. वसमतला पहिल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि ती गरम असल्यासारखी परत दिली. "ताई, हे आमच्याकडं नसतं. ह्याला लायसन वेगळं लागतं." दुसऱ्यानंही तेच. हिंगोलीला एका दुकानातल्या पोरानं चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं आणि आतून मालकाला बोलावलं. मालकानं चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं.

"कुणासाठी?"

"माझ्या मुलीसाठी."

"मुलगी कुठंय?"

"शाळेत."

"शाळेत," तो म्हणाला, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडं अशा नजरेनं बघितलं, की मी माझ्या बी.एस्सी.च्या वर्षांची सगळी पुण्याई गोळा करून ताठ उभी राहिले. या गोळीची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, असं त्यानं मला समजावलं. माझ्याकडं एकच होती. दुसरी जीपमधल्या मालनबाईंच्या पिशवीत ब्राह्मीच्या पानांखाली निघाली. ती आणून दाखवली, तर म्हणाला, "पण आमच्याकडं नाहीच ही गोळी." ह्यांना फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नव्हे, धंद्यासाठी. "माझ्या दुकानातून लाल त्रिकोणाचा, जहाल विषाचा डबा लोक न इचारता नेतेत, आन् इथं एवढ्याशा गोळीला एवढी चौकशी! असंच पाहिजे बघ." शेवटी पुन्हा नांदेडला जाऊन ती मिळाली. परतताना मी ती डबी पदरात बांधून बसले होते. वाटेत जीप दगडावरून उडाली तेव्हा ह्यांनी मला नव्हे, डबीला हात लावून पाहिलं.

गोळी अख्खी गिळायची म्हणून सराव सुरू झाला. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, एक घोट पाणी, मान वर. सृष्टी पहिल्याच दिवशी शिकली. आत्याबाई शिकल्या. मालनबाईंना ठसका लागून पाठीवर थापा माराव्या लागल्या.

आणि मग ती सकाळ. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं नाष्टा झालेला. सृष्टी शाळेच्या कपड्यांत अंगणात हळदीच्या कडेकडेनं एका पायावर उड्या मारत होती. मी पाणी आणायला आत गेले, आणि बाहेर आले तर आत्याबाई ओसरीच्या कडेला बसलेल्या. एका चमच्यात गोळी, गोळीवर दुसरा चमचा, शेजारी गुळाचा खडा. आमच्याकडं लेकरांना गोळी अशीच देतात. दोन चमच्यांत चुरायची, गुळात कालवायची. विश्वंभरला अशीच दिली, त्याच्या बहिणींना अशीच दिली. सराव हा आत्याबाईंच्या मते खेळ होता, औषध वेगळं.

"आत्याबाई, नको!" मी अशी किंचाळले, की त्या किंकाळीची कीर्ती अजून गल्लीत आहे. दिवसभराचं औषध एका दमात लेकराच्या पोटात जाताना माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. आत्याबाई दचकल्या. वरचा चमचा सटकला, आणि गोळी टणकन उडून अंगणात गेली.

अंगणात हळद होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, शिजवून वाळत घातलेली. आणि गोळी पिवळी होती.

"कुणी हलू नका!" मामा ओरडले. सगळे हलले. मालनबाई भिंतीवरून आल्या. चाळण आली, सूप आलं, झाडू आला. झाडू पाहून मामा म्हणाले, "माल खराब होईल," सूप पाहून आत्याबाई म्हणाल्या, "गोळी उडंल." ह्यांनी मोबाईलची बॅटरी लावली, भर उन्हात. दुकानात आलेले दोघं-तिघं वाकून हळद बघू लागले, त्यातल्या एकानं भाव विचारला. मी रडवेली होऊन मिळेल ते हळकुंड उलटं करत होते, आणि प्रत्येक हळकुंडाचा तुकडा मला गोळीच वाटत होता.

सगळे थकले. चहा झाला. शाळेची वेळ टळून गेली. मग माझ्या लक्षात आलं, की मघापासून उड्यांचा आवाज येत नाही.

सृष्टी हळदीच्या कडेला मांडी घालून बसली होती. एकेक हळकुंड उचलायची, फिरवून पाहायची, मागं ठेवायची. मागं ठेवलेल्यांची ओळ भिंतीपर्यंत गेली होती. तिला चहाला हाक मारली, तिनं ऐकली नाही. रस्त्यावरून बॉयलर घेऊन ट्रॅक्टर गेला. तिनं मान वर केली नाही.

"बघा," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "बसली का न्हाई एका जागी?"

"लेकरू बराबर हाय," मामा म्हणाले. "पुनम, काहून द्यायची गोळी?"

खरं सांगते, मला हेच ऐकायचं होतं. महिनाभर मी वाट बघत होते, की कुणीतरी मला हे म्हणावं आणि मी ती डबी परत करून टाकावी. माझं तोंड उघडलंही होतं.

"घावली!" सृष्टी म्हणाली.

चिमटीत गोळी, हळदीनं माखलेली. सगळ्यांनी आनंदाचा आवाज केला. ती मात्र उठली नाही. गोळीकडं बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आता जसं समदं बंद झालतं ना, डोक्यात? फक्त हळद व्हती. ही घेतल्यावर शाळेत बी असं व्हईल?"

मॅडम, मामा, मालनबाई, शिरड शहापूरचा भीमराज, मेडिकलवाला, दुकानातली गिऱ्हाइकं, परदेशातल्या आया, सगळ्यांना विचारून झालं होतं. जिनं गिळायची तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ हळदीतच बसले.

"तुला असं व्हायला पाहिजे?"

"व्हय," ती म्हणाली. "हळद मला आवडती म्हणून झालं. गणित मला न्हाई आवडत."

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "द्या मंग," ते म्हणाले. "उद्या द्या."

हळद लागलेली गोळी आत्याबाईंनी देवापुढं ठेवली, ती मी नंतर गुपचूप काढून बंदोबस्तानं नष्ट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सृष्टीनं नवी गोळी एका घोटात गिळली आणि जीभ काढून दाखवली. आत्याबाईंनी दोन्ही चमचे स्वतःहून कपाटात ठेवले.

त्या दिवशी मी शाळेच्या भिंतीबाहेर लिंबाखाली उभी होते. किती वेळ ते सांगत नाही. बाईंनी दोनदा खिडकीतून हात हलवून 'जा' म्हणून सांगितलं. मी जाण्याचा अभिनय केला आणि दुसऱ्या बाजूच्या लिंबाखाली गेले. तिथं मामा आधीच उभे होते. हात पाठीमागं बांधलेले.

शाळा सुटली. पोरं धावत आली. सृष्टी सगळ्यांत शेवटी, चालत आली. डबा निम्मा भरलेला. शांत आहे. फार शांत आहे. घालवली मी माझी पोरगी.

तिनं दप्तर माझ्या हातात दिलं, मामांच्या टोपीकडं पाहिलं आणि मग माझ्या कानाशी तोंड आणलं. डोळ्यांत बेरजेखालची ती नेहमीचीच मांजर होती.

"आई," ती कुजबुजली, "बाई रोजच एवढं बोलतेत?"